पेपर आधी वाडीवर वाचा

जानेवारी उजाडला की कॉलेजांच्या अंगात संशोधन येतं. गेटवर फ्लेक्स लागतो : 'एकदिवसीय राष्ट्रीय परिषद'. पुढच्या वर्षी तीच परिषद आंतरराष्ट्रीय होते, कारण कुणाचा तरी परदेशातला मेहुणा पडद्यावर येऊन दहा मिनिटं बोलतो. दारात रांगोळी, स्टेजवर समई, शाल, श्रीफळ. प्राचार्य अर्धा तास बोलतात. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलतात. आणि ज्या पोरांनी उन्हातान्हात फिरून पेपर लिहिला त्यांना मिळतात सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला घंटा, सातव्याला माईक बंद. मग जेवण. मग सर्टिफिकेट. मग फोटो. नॅकच्या फायलीत एक पान वाढलं, संपलं संशोधन.

हे सगळं आपल्याला नवं नाही. पण आता हे आपल्या गळ्याशी आलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच फील्ड प्रोजेक्ट आलं, रिसर्च प्रोजेक्ट आलं, त्याला क्रेडिट आलं. म्हणजे कर्जत-खालापूरच्या वाड्यांतनं, बौद्धवाड्यांतनं लोकल धरून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला आज ना उद्या एक पेपर लिहावा लागणार आहे. मग तो कसा लिहायचा, कुणासाठी लिहायचा आणि कुणासमोर वाचायचा, हे ठरवायची वेळ आलीय. आपण ठरवलं नाही तर ते ठरवतील. त्यांचं ठरलेलंच आहे.

आमच्यातल्या एका पोरानं यंदा असा पेपर लिहिला. त्याचं नाव छापत नाही, त्यानंच नको म्हटलं. कॉलेजचंही छापत नाही, कारण हे दुखणं एका कॉलेजचं नाही. पोरगा खालापूर तालुक्यातला. बाप खोपोलीत कंपनीत कंत्राटी कामगार. पोरगा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला. त्यानं विषय घेतला : कातकरी मुलांची शाळेतली गळती.

सरांना विषय आवडला. सर म्हणाले, "चांगलाय. फक्त शीर्षकात जात नको. 'वंचित घटक' लिही." मग सरांनी कृती सांगितली. स्वयंपाकाची सांगतात तशी. पन्नास प्रश्नावल्या भरायच्या. टक्केवारी काढायची. दोन गोल आकृत्या टाकायच्या. निष्कर्ष लिहायचा : पालकांची उदासीनता, निरक्षरता, व्यसनाधीनता, शिक्षणाचं महत्त्व न कळणं. शेवटी शिफारस : जनजागृती करावी.

बघा म्हणजे! पोरानं अजून वाडीचं तोंड पाहिलेलं नाही आणि निष्कर्ष तयार. आरोपीला पाहायच्या आधी निकाल लिहून ठेवणारं हे कोर्ट आहे. याला हे लोक शास्त्रशुद्ध पद्धत म्हणतात.

पोरगा वाडीवर गेला. पायात बूट, काखेत फाईल. बाया झोपडीत शिरल्या. पोरं लांब उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कसला कागद सायेब? राशनचा का?" पोरगा म्हणाला, "नाही बाबा, कॉलेजचा." म्हातारा म्हणाला, "मागं पण एक बाई आली व्हती. सगळं लिवून घेऊन गेली. त्येचं काय झालं?"

पोराकडं उत्तर नव्हतं. दोस्तहो, तुमच्याकडं आहे? आमच्याकडं नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दुसरे कोलाम, तिसरे माडिया गोंड. जमातीवर पेपर होतात, प्रबंध होतात, डॉक्टरेट होतात. लिहिणारा प्राध्यापक होतो. ज्याच्यावर लिहिलं तो पुन्हा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. त्याचं काय झालं, हा म्हाताऱ्याचा सवाल उभ्या विद्यापीठाला आहे.

दुसऱ्या खेपेला पोरानं प्रश्नावली घरी ठेवली. बूटही ठेवले. संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर गेला आणि नुसता बसला. शाळेत का जात नाही, असं त्यानं विचारलंच नाही. विचारलं, "दिवाळीनंतर कुठं असता?" आणि मग वाडी बोलायला लागली.

दिवाळी झाली की मुकादम येतो. टेम्पो येतो. नवरा, बायको, पोरं, कोंबड्या, भांडी सगळं टेम्पोत. पनवेल, कल्याण, भिवंडी, कुठंही. भट्टीशेजारी झाप बांधायचं. आई-बाप चिखल कालवतात, विटा पाडतात; आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन विटा उलटवते. पावसाच्या तोंडावर परत. आता शाळेचं वर्ष मांडा. जून ते दिवाळी पहिलं सत्र. दिवाळी ते एप्रिल दुसरं सत्र. कातकऱ्याच्या पोराला दुसरं सत्र नाहीच. त्याच्या वाट्याला वर्षातली अर्धी शाळा येते, आणि त्या अर्ध्यातही ओढ्याला पूर आला की वाट बंद. दर वर्षी अर्धं पुस्तक शिकलेलं पोर पाचवीत जातं तेव्हा त्याला वाचता येत नाही. तेव्हा आपले विद्वान लिहितात, 'आदिवासी बालकांमध्ये अध्ययनक्षमता कमी आढळते.'

मग पोरगा शाळेत गेला. हजेरीपट पाहिला. पटावर जेवढी नावं, त्याच्या निम्मी पोरंसुद्धा वर्गात नव्हती. पण हजेरी होती. गळती? शून्य. सरकारी कागदावर गळती शून्य! गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "पट कमी दाखवला तर एक शिक्षक जातो. आणखी कमी झाला तर शाळाच जाते. मी काय करू?"

गुरुजी खोटं बोलत नव्हते. शिक्षकांची संख्या पटावर ठरते, तिला संचमान्यता म्हणतात. 2017 साली राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करायचा निर्णय घेतला. 2023 साली 'समूह शाळा' काढल्या, म्हणजे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून लांबच्या एका मोठ्या शाळेत पोरं न्यायची. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं नियम सांगतो. कर्जतच्या डोंगरात एक किलोमीटर म्हणजे काय, हे ज्यानं नियम लिहिला त्यानं पावसाळ्यात येऊन बघावं. म्हणून गुरुजी पट फुगवतो. शाळा वाचते, पण पोर हरवतं. कागदावर पोर वर्गात आहे म्हटल्यावर त्याला शोधायला भट्टीवर कोण जाणार? जे हरवलंच नाही ते सापडणार कसं?

या पोरानं हे सगळं लिहिलं. जातीचं नाव शीर्षकात ठेवलं. परिषदेत वाचलं. पाचव्या मिनिटालाच अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं. शेवटी म्हणाले, "विषय चांगलाय, पण तुम्ही भावनिक झालात. संशोधनात तटस्थता हवी. आणि सिद्धांत कुठंय?" पहिलं बक्षीस गोल आकृतीवाल्या पेपरला गेलं. निष्कर्ष : पालकांची उदासीनता.

तटस्थता! या शब्दाचा एकदा हिशेब करून टाकू.

1855 साली पुण्यात चौदा वर्षांच्या एका मांगाच्या पोरीनं निबंध लिहिला. मुक्ता तिचं नाव. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. वेद ब्राह्मणांचे म्हणतात, मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सवाल तिनं उभा केला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे तिनं लिहिलं. मुंबई विद्यापीठ निघालं 1857 ला. म्हणजे विद्यापीठ जन्माला यायच्या दोन वर्षं आधी आपल्या पोरीचा पेपर छापून झाला होता. तिला तटस्थ व्हायला कुणी सांगितलं असतं तर तो निबंध झालाच नसता.

1882 साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. तारीख 19 ऑक्टोबर. त्यात ओरड नाही, हिशेब आहे. सरकारचा महसूल येतो कुणाच्या घामातून? रयतेच्या. खर्च होतो कुणाच्या उच्च शिक्षणावर? वरच्या जातींच्या. म्हणून प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी जातींतून घ्या, असं त्यांनी मागितलं. आधी पैसा कुठून येतो आणि कुठं जातो ते दाखवलं, मग मागणी केली. याला म्हणतात पेपर.

1916 च्या मे महिन्यात, 9 तारखेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं मानववंशशास्त्राच्या वर्गापुढं पेपर वाचला. विषय : भारतातील जाती. भीमराव रामजी आंबेडकर. वर्ग गोल्डनवायझर यांचा. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, हे त्यानं तिथं मांडलं. गोऱ्या विद्वानांची मतं एकेक करून तपासली आणि ज्यानं जात भोगली त्याच्या अधिकारानं बोलला. जातीनं जखमी झालेला माणूस जातीचा सिद्धांत मांडू शकतो, हे तिथं सिद्ध झालं. अध्यक्षमहाराज, सिद्धांत इथं आहे.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडं या. 12 मार्च 1927. मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा. बाबासाहेब उभे राहतात आणि आकडे वाचतात. प्राथमिक शाळेत शंभर पोरं शिरतात, चौथीपर्यंत पोचतात फक्त 18. प्रगत हिंदूंमध्ये दर हजार लोकसंख्येमागे 119 पोरं प्राथमिक शाळेत, मागासवर्गीयांत 18. कॉलेजात मागासवर्गीय जवळजवळ शून्य. गळती हा शब्द आपण आज वापरतो, त्याचा हिशेब बाबासाहेबांनी तेव्हाच मांडला होता. आणि आठ दिवसांनी, 20 मार्चला, तोच माणूस महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. 1981 ला जिल्ह्याचं नाव रायगड झालं. कर्जत-खालापूर त्याच जिल्ह्यात. आकडा आणि पाणी यांत आठ दिवसांचं अंतर. कौन्सिलातला कागद आणि तळ्यातली ओंजळ ही एकाच लढ्याची दोन टोकं. ज्याला यातलं एकच टोक धरायचंय त्यानं बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावू नये.

महाडच्या त्या परिषदेमागं खपलेल्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते. पोरवयात महाडच्या इंग्रजी शाळेनं त्यांना घेतलं नाही. पोरानं वर्तमानपत्रात लिहिलं. प्रवेश मिळाला, बसायला जागा वर्गाबाहेर मिळाली. एका पोराच्या लेखी कागदानं दार अर्धं तरी उघडलं. उरलेलं अर्धं माणसं जमवून उघडावं लागतं.

तेव्हा तटस्थता कुणाला परवडते? ज्याचं पोर भट्टीवर नाही त्याला. 2002 साली गोपाळ गुरूंनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं : इथल्या समाजशास्त्रात सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि आकडे वाहून आणणारे शूद्र, अशी नवी वर्णव्यवस्था आहे. आपण प्रश्नावल्या भरायच्या, त्यांनी अर्थ लावायचा. आपण डाटा, ते थिअरी. हमाली आपली, माल त्यांचा. आणि त्याच लेखातला दुसरा चिमटा आपल्याला आहे. आपणही सिद्धांताला भितो, अनुभव सांगितला की काम झालं असं समजतो. नुसतं रडून गाऱ्हाणं मांडलं की ते टाळ्या वाजवतात आणि विसरतात. कारण दाखवलं की त्यांची झोप उडते.

आता थोडं आपल्या घराचं. हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहायलाच पाहिजे.

आमचा पोरगा बौद्धवाडीतला. कातकरवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. वीस वर्षांच्या आयुष्यात तो त्या वाडीत पहिल्यांदा गेला तो पेपरसाठी! त्याच्या आईनं विचारलं, "त्यांच्यात कशाला जातोस?" हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? आपल्या आजोबांच्या वेळी गावानं आपल्याबद्दल हेच म्हटलं होतं. आपण जयंतीला मिरवणूक काढतो, ती कातकरवाडीच्या तोंडाशी जाऊन वळते. त्यांच्या पोरांना गाणी ऐकू येतात, बोलावणं येत नाही. मग आपण वाडीवर जातो ते फाईल घेऊन, आणि म्हातारा आपल्याला 'सायेब' म्हणतो. तो शब्द शिवी आहे, दोस्तहो. सवर्णानं आपल्याकडं जसं बघितलं तसं आपण त्यांच्याकडं बघणार असू, तर आपल्या पेपरातही उदासीनता आणि व्यसनाधीनताच सापडणार. म्हणून पेपराच्या पहिल्या पानावर लिहा : मी कोण, माझी जात कोणती, मी कुठून बघतोय, या वाडीशी आजवर माझं नातं काय होतं. हीच खरी पद्धती. बाकीचं नंतर.

आणखी एक रोग. पैसे भरा, तीन दिवसांत पेपर छापून मिळेल, अशा जाहिराती तुमच्या मोबाइलवर येतात. पीएच. डी. च्या आधी एक पेपर छापलाच पाहिजे, अशी सक्ती यूजीसीनं 2009 ला केली आणि दुकानं निघाली. 2018 ला बऱ्या नियतकालिकांची यादी करायला घेतली. 2022 ला सक्ती काढली. 2025 ला ती यादीही मोडीत काढली. दुकानं मात्र चालू आहेत. आणि आता तर यंत्राला सांगितलं की ते अर्ध्या मिनिटात गळतीवर दहा पानं लिहून देतं. देऊ द्या. पण ते यंत्र त्या म्हाताऱ्यासमोर बसलेलं नाही. 'त्येचं काय झालं?' हा सवाल त्याला कुणी विचारत नाही, तुम्हाला विचारतात. चोरून आणलेला पेपर म्हणजे सवर्णांच्या निष्कर्षाखाली आपली सही. ते तुम्हाला मागास म्हणतात आणि तुम्ही खाली अंगठा देता.

मग करायचं काय? आम्हाला जे कळलं ते सांगतो.

प्रश्न उलटा करा. पोर शाळेत का येत नाही, हे विचारू नका. शाळा पोराकडं का जात नाही, हे विचारा. हे स्वप्न नाही. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारल्यांच्या गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं गुरं सोडून येत नाहीत, तर शाळा कुरणात. ठाणे जिल्ह्यात नव्वदच्या दशकात वीटभट्टीवरच्या पोरांसाठी भोंगाशाळा निघाल्या, भोंगा म्हणजे भट्टीवरचं खोपटं. आपल्या माथेरानचे भाई कोतवाल, न्हाव्याच्या घरातला वकील, त्यांनी कर्जत भागातल्या वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या, धान्याची कोठी काढली, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर गोळी खाल्ली. हुतात्मा म्हणून त्यांचा पुतळा सगळ्यांना चालतो. पोटासाठी कोठी आणि डोक्यासाठी शाळा हे दोन्ही त्यांनी एकत्र धरलं, ते कुणी सांगत नाही.

कागद मागा. माहितीचा अधिकार 2005 चा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ, तीस दिवसांत उत्तर. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडं अर्ज करा : या शाळेचा महिनावार पट, प्रत्यक्ष हजेरी, पोषण आहाराची नोंद. हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. पट एक बोलेल, तांदूळ दुसरं बोलेल. स्थलांतर करणाऱ्या पोराला शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. या वाडीत किती जणांना मिळालं, हे विचारा. आईबाप गेले तरी पोरानं गावात राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आपल्या तालुक्यात कुठं चालते, हे विचारा. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला विचारा. उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तर तोही पुरावा.

पण गुरुजीचा बळी देऊ नका. पट फुगवणारा गुरुजी आणि त्याला फुगवायला लावणारा नियम, यांतला मोठा गुन्हेगार कोण, ते ओळखा. शाळेचं नाव, पोरांची नावं, पोरांचे फोटो पेपरात टाकू नका. आपल्या सर्टिफिकेटापायी वाडीची शाळा बंद पडली तर ते पाप कुठं फेडाल?

मराठीत लिहा. इंग्रजी शिका, चांगली शिका, वाघिणीचं दूध प्या. पण पहिला खर्डा त्या भाषेत लिहा जी वाडीला वाचून दाखवता येईल. जे वाक्य वाडीला समजावून सांगता येत नाही ते बहुतेक तुम्हालाही समजलेलं नसतं.

सात मिनिटांचं नियोजन करा. प्रस्तावना, संशोधनाची गरज, व्याप्ती, मर्यादा यांत तीन मिनिटं घालवू नका. एका पोराचं एक वर्ष सांगा. एक आकडा सांगा. एक कारण दाखवा. एक मागणी करा. आणि बसा. घंटा वाजायच्या आत बसणाऱ्याला प्रश्न विचारावे लागतात.

आणि सगळ्यात मोठं : पेपर आधी वाडीवर वाचा. मग हॉलमध्ये.

आमच्या पोरानं हे उलट केलं. परिषद आधी झाली, वाडी नंतर. सर्टिफिकेट मिळाल्यावर त्याला त्या म्हाताऱ्याचा सवाल झोपू देईना. तो पेपर घेऊन गेला. रात्री झोपडीपुढं बसून वाचला. 'कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन भट्टीवर जातात', या वाक्याला एका बाईनं थांबवलं. म्हणाली, "दिवाळीला नाय रं भाऊ. उचल पावसात घेतो. श्रावणात घरात दाणा नसतो, हाताला काम नसतं. तवा मुकादम पैसं देतो. दिवाळीला त्यो फक्त न्यायला येतो."

पोरगा म्हणतो, त्या क्षणी माझा सगळा पेपर बदलला. बरोबर आहे. एका वाक्यात कारणच जागेवरून हललं. गळती दिवाळीला होत नाही. गळती ऑगस्टमध्ये होते, रिकाम्या चुलीपाशी, पोर वर्गात बसलेलं असताना. श्रावणात आईनं जे पैसे घेतले त्यात पोराचं दुसरं सत्र गहाण पडलं. आता जनजागृती करून काय होणार? त्या बाईला महत्त्व कळत नाही? तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तिला पावसाळ्यातलं धान्य पाहिजे. आदिवासींना पावसाळ्यात तगायला खावटी कर्जाची योजना 1978 पासूनची. करोनाच्या काळात, 2020 साली, तिचं अनुदान केलं, कुटुंबामागे 4000 रुपये, अर्धे रोख, अर्ध्याचं सामान, आणि तेही एका वर्षापुरतं. मुकादम मात्र दर वर्षी येतो. मुकादमाच्या आधी जो वाडीत पोचेल तो पोर शाळेत ठेवील. हा आहे निष्कर्ष. तो प्रश्नावलीत नव्हता. परिषदेतल्या एकाही विद्वानाला पेपरातली ही चूक दिसली नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला दिसली. सांगा, परीक्षक कोण?

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा पेपरानं काय होतं. त्यांना इर्शाळवाडी दाखवा. खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. 19 जुलै 2023 ची रात्र. डोंगर खाली आला. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. गाडी जाईल असा रस्ता नव्हता, मदत करणारे चिखलातनं चढून गेले. आणि नंतर विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नव्हती! खोपोलीचं वीजघर 1915 पासून मुंबईला वीज देतंय, ते नकाशात आहे. एक्स्प्रेसवे नकाशात आहे. फार्महाऊस, रिसॉर्ट, सगळं नकाशात आहे. डोंगरातली माणसं यादीत नाहीत. आणि कातकऱ्याचं पोर यादीत आहे, पण वर्गात नाही. कुठं नाव नसल्यानं मरायचं, कुठं नाव असल्यानं हरवायचं.

म्हणून पेपर लिहायचा. यादीत काय नाही ते लिहायला, आणि यादीत काय खोटं आहे ते लिहायला. हे काम आपलं आहे, कारण आपणच कालपर्यंत यादीबाहेर होतो.

त्या पोरानं पेपर दुरुस्त केला. बाईचं म्हणणं तिनं सांगितलेल्या शब्दांत घातलं. मग वाडीतल्या माणसांबरोबर बसून त्याचा एका पानाचा मराठी अर्ज केला : पावसाळ्यात धान्य द्या, जाणाऱ्या पोरांना हमी पत्रक द्या, राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह काढा, आणि पोरं भट्टीवर गेली म्हणून शाळेचा शिक्षक काढू नका. खाली वाडीच्या सह्या, अंगठे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीनचतुर्थांश पालक पाहिजेत. समितीच्या बैठकीत अर्ज वाचला. मग पंचायत समितीत दिला. पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. येईपर्यंत जात राहायचं ठरलंय, आणि या खेपेला पोरगा एकटा जात नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं होतं, त्येचं काय झालं? अजून काही झालं नाही, बाबा. पण या वेळी तुमचा कागद कुठल्या टेबलावर पडलाय ते आम्हाला ठाऊक आहे. ते टेबल आम्ही सोडणार नाही.

दोस्तहो, पुढच्या जानेवारीत तुमचा पेपर असेल. हॉलमध्ये जायच्या आधी तो कुठं वाचला, एवढं आम्हाला कळवा.